डोळे मिटून घेतलेली खोली

पलंगाच्या कडेवर बसून तिने डोळे गच्च मिटले, डावा हात भिंतीला टेकवला आणि उठून चालायला लागली. बोटांखालून भिंत सरकत गेली. मध्ये टेबल आलं नाही, कपाट आलं नाही. मग चौकट लागली, मग कडी. पायाने चाचपून पाहिलं तर उंबरठाही नव्हता.

"मॅडम, चक्कर येतेय का?" किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभ्या असलेल्या मॅनेजरने विचारलं.

"नाही. जरा बोलू नका, लक्ष जातं."

मॅनेजर दाराला टेकून बघत राहिला. हॉटेलच्या धंद्यात त्याने केस पांढरे केले होते. गादीवर उड्या मारून बघणारे, उशीचा वास घेणारे, भिंतीवर टकटक करणारे, सगळे त्याच्या ओळखीचे होते. डोळे मिटून बाथरूमला जाणारं गिऱ्हाईक मात्र त्याला नवीन होतं.

ती परत पलंगापाशी आली आणि पुन्हा तेच केलं. या वेळी उजव्या कुशीवरून उठून, झोपेतून जाग आल्यासारखं. हात आपोआप भिंतीवर पडला.

सकाळपासूनचं हे पाचवं हॉटेल होतं. इस्पितळ ज्या रस्त्यावर होतं त्या रस्त्याने आणि त्याच्या पोटगल्ल्यांतून ती पायीच फिरत होती. शहर अंगावर येत होतं. बसचे भोंगे, फुटपाथवर मांडलेले बूट, एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या पाट्या. पहिल्या हॉटेलात बाथरूमची भिंत काचेची होती. दुसऱ्यात पायरी होती, तीही आत उतरणारी. तिसऱ्यात पलंग खोलीच्या मधोमध, चारी बाजूंना मोकळं मैदान. तिथे त्याच्या कोपऱ्याने तिची नडगी फोडली. चौथ्यात सरकतं दार होतं आणि ते कुठल्या बाजूला सरकतं हे तिला डोळे उघडूनही कळलं नाही.

ती गाडी चालवायला शिकवत असे. लोकांना डोळे उघडे ठेवायला लावणं हाच तिचा धंदा. शेजारच्या सीटवर बसून, शिकणारा गडबडला की पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा. सवय इतकी हाडात मुरली होती की घरी दूध उतू जाऊ लागलं तरी तिचा उजवा पाय आधी जमिनीवर दाबला जाई आणि मग हात गॅसकडे जाई.

फोन वाजला. नवरा होता.

"अगं, मी एक बघितलंय. साडेचार तारे आहेत. गच्चीवर पोहण्याचा तलाव, सकाळचा नाश्ता त्यातच."

"बाई पोहणार आहेत का?"

"तसं नाही. पण लोकांनी किती चांगलं लिहिलंय."

"त्या लोकांच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती. ठेव आता."

बाई म्हणजे तिच्या सासूबाई. सबंध आयुष्य शाळेत चित्रकला शिकवण्यात गेलं, गाव त्यांना बाई म्हणे. मुलगा त्यांच्याच वर्गात होता. शाळेत आई म्हटलेलं चालत नसे, म्हणून तोही बाई म्हणायला लागला आणि मग घरीही तेच राहिलं. डावा डोळा काचबिंदूने केव्हाच नेला होता. उरलेल्या उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. एकुलता एक डोळा, तोही गुंतागुंतीचा, म्हणून मोठ्या शहरातले डॉक्टर. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस पट्टी राहणार होती आणि तपासणीसाठी इस्पितळाजवळच मुक्काम करायचा होता.

मागच्या खेपेला ते शहरातल्या, बाईंच्या एका पुतणीकडे उतरले होते. पुतणी प्रेमळ. तिने ऑपरेशनच्या आदल्याच दिवशी रंगीत तालीम म्हणून बाईंना हाताला धरून बाथरूमला नेलं, आणि सगळं घर दाराबाहेर उभं राहून 'झालं का, काकू?' विचारत राहिलं. बाईंनी आतूनच 'झालं' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरली. ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. या वेळी डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं: आणखी लांबवलं तर माझ्याही हातात काही राहणार नाही.

बाईंची अट एकच होती. "मला कोणी धरून नेणार असेल, तर आहे तो उजेड पुरे."

म्हणून ती भिंती चाचपत फिरत होती.

"ही खोली घेते," तिने मॅनेजरला सांगितलं.

मॅनेजरने खोलीवरून एक नजर फिरवली आणि मान खाजवली. "घ्या की. पण वरच्या मजल्यावर नव्या केलेल्या खोल्या आहेत. गॅलरी आहे. भाडं तेच. ही खोली जरा... म्हणजे सहसा कोणी मागून घेत नाही."

"बाथरूम असंच आहे का वर?"

"वर पलंग खिडकीकडे आहेत. बाथरूम पलीकडच्या टोकाला."

"मग हीच."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा बाईंना घेऊन आला. बाईंनी दारातच विचारलं, "भिंत कुठेय?" आणि हात लावून त्या एकट्या आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला. बाहेर मायलेकांपैकी फक्त लेक उरला होता. त्याने तोंड उघडताच बायकोने त्याच्या दंडाला चिमटा काढला. 'झालं का' त्याच्या घशातच राहिलं.

बाई परत येऊन पलंगावर बसल्या. "जमेल," एवढंच म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. नवऱ्याची रजा संपली, तो परतला. सासू-सून दोघीच राहिल्या. पहिल्या दुपारी बाई झोपल्या होत्या. ती शेजारच्या पलंगावर आडवी झाली, पण डोळा लागला नाही. थोड्या वेळाने गादी करकरली. बाई उठून बसल्या होत्या. अर्ध्या तोंडावर पांढरी पट्टी, हात हवेत. हात भिंत शोधत होता आणि भिंत एक वीत लांब होती.

तिचा उजवा पाय चादरीखाली गादीत रुतला. नुसतं 'जरा डावीकडे' म्हणायचं होतं. तिने ओठ दाबून धरले.

हाताला भिंत लागली. बोटं सरकत गेली, चौकट, कडी. नळ वाहिला, बंद झाला. बाई आल्या तशाच भिंतीच्या कडेकडेने परत आल्या, पांघरूण ओढलं आणि छताकडे तोंड करून म्हणाल्या, "झोपेचं सोंग छान वठवतेस गं, ड्रायव्हर. फक्त श्वास घ्यायचा विसरलीस."

तिने श्वास सोडला.

पट्टी निघायचा दिवस आला. इस्पितळाच्या बाकावर बाईंनी पर्सचा चाप उघडला, मिटला, पुन्हा उघडला. आत बोलावलं तेव्हा तीही मागोमाग गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. डॉक्टरांनी चिकटपट्टी सोडवली, कापूस काढला, डोळा पुसला.

"सावकाश उघडा. काय दिसतंय?"

बाईंनी डोळा उघडला. बराच वेळ त्या डॉक्टरांकडे बघत राहिल्या. तिचा पाय जमिनीवर दाबलेलाच होता.

"तुमच्या शर्टाचा निळा," बाई म्हणाल्या, "खिशावर वेगळा आहे. खिसा नंतर लावलाय."

डॉक्टरांनी खाली मान घालून स्वतःचा खिसा पाहिला आणि मोठ्याने हसले. तिने पाय उचलला तेव्हा पोटरीत गोळा आलेला होता.

नवऱ्याला फोन लावला तर पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. शेवटी बाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "नाक पूस आधी." परतीच्या रस्त्याभर त्या पाट्या वाचत होत्या. दातांचा दवाखाना, चाव्या बनवून मिळतील, भव्य सेल, आज शेवटचा दिवस. एका पाटीवरचं पिवळं अक्षर त्यांना इतकं आवडलं की त्यांनी टॅक्सीवाल्याला हळू घ्यायला लावली. मागच्याने भोंगा वाजवला. त्याच्याकडेही त्यांनी वळून कौतुकाने पाहिलं.

खोलीचं दार उघडलं आणि बाई उंबऱ्यातच थांबल्या.

"ही खोली तू निवडलीस?"

"हो."

"डोळे उघडे ठेवून?"

ती बाईंच्या खांद्यावरून आत बघायला लागली. एवढे दिवस ती या खोलीत राहत होती, पण तिने पाहिली होती ती भिंत, कडी आणि बाईंचा हात. आता दिसलं की भिंती गाजराच्या रंगाच्या होत्या. पडदे पोपटी, त्यांवर जांभळी फुलं. पलंगाच्या वर भिंतीला वाकड्या चौकटीतले दोन हंस, त्यातल्या एकाची मान रंगवणाऱ्याने घाईत उरकली होती. खिडकीतून शेजारच्या इमारतीची मागची भिंत दिसत होती आणि तिच्यावरून उतरणारा सांडपाण्याचा पाइप.

"नाही," ती म्हणाली. "मिटून."

बाईंच्या पोटातून हसू आलं. त्या चौकट धरून हसत राहिल्या. "डोळे फुटण्यासारखी खोली, आणि आणलंस कोणाला, तर मला! अगं, सातवीतल्या पोरांनी हे केलं असतं तर मी कागद फाडला असता." तीही हसायला लागली. डॉक्टरांनी डोळ्याला ताण द्यायचा नाही असं बजावलं होतं ते दोघींनाही एकदमच आठवलं, त्यामुळे जास्तच हसू आलं.

दम लागून ती पलंगावर टेकली. पोटरीत आलेला गोळा अजून दुखत होता. सलवार गुडघ्यापर्यंत वर सरकवून ती चोळायला लागली. बाईंचं हसणं थांबलं.

"हे काय?"

"काही नाही. लागलं कुठेतरी."

बाई जवळ आल्या, वाकल्या आणि नडगीकडे बघू लागल्या. वह्या तपासताना बघत तशा. "हा मोठा, पलंगाच्या कोपऱ्याचा असणार. कडेने पिवळा पडलाय. हा खालचा हिरवट. हा जांभळा, अजून उतरलेला नाही. हा पायरीचा का?" बोट कातडीच्या वर, न टेकवता फिरत होतं. "किती हॉटेलं बघितलीस?"

"पाच."

"सगळीकडे डोळे मिटून?"

ती सलवार खाली ओढायला गेली. बाईंनी तिचा हात बाजूला केला, आणखी क्षणभर पाहिलं आणि मग त्याच शांतपणे उठल्या.

"मॅनेजरला बोलाव. खोली बदलायची."

"पण दोनच दिवस राहिलेत, बाई. आणि वर बाथरूम लांब..."

"असू दे लांब. मला आता भिंत नको. आणि या वेळी मी बघणार आहे, तू मागे उभी राहा."

मॅनेजर खूश झाला. वरच्या मजल्यावर त्याने तीन खोल्या उघडल्या. बाईंनी पहिलीतला आरसा नापास केला, दुसरीतली चादर. तिसरीत शिरल्या आणि चारी भिंतींवरून नजर फिरवली. भिंती पांढऱ्या होत्या. समोर गॅलरीचं दार सताड उघडं, आणि दारापलीकडे सबंध शहर उन्हात मांडलेलं: गच्च्या, टाक्या, वाळत घातलेले कपडे, रस्त्याच्या वळणावर सरकणाऱ्या बसची लाल पाठ.

बाई सरळ चालत निघाल्या. हात कुठेच टेकलेला नव्हता. गॅलरीत जायला एक उंच पायरी होती. मागे तिचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला आणि 'बाई' हा शब्द ओठांपर्यंत आला.

बाईंनी पायरी पाहिली, पाय उचलला आणि पलीकडे ठेवला. मग शहरावरची नजर न काढता त्यांनी हात मागे केला.

"इथे पायरी आहे," त्या म्हणाल्या. "सांभाळून ये."

नेमकं त्याच वेळी तिला नीट दिसत नव्हतं. तिने हात धरला.