काकांचा वेग

टेप मशीन आता अगदी ठणठणीत आहे, याबद्दल मोजपट्टीच्या मनात तिळभर शंका नव्हती. म्हणून मावशी डोळे मिटून ऐकता ऐकता एकदम "बंद कर, बंद कर ते!" म्हणून ओरडली, तेव्हा काय बिनसलं हेच तिला कळेना.

"काय झालं?"

"हे ते नव्हेत."

"कोण ते नव्हेत?"

"तुझे काका. हा कोणी दुसराच माणूस आहे. झोपेतून उठवून बोलायला लावल्यासारखा."

भाचीला मोजपट्टी हे नाव मावशीनेच दिलं होतं. लहानपणी सुट्टीत आली असताना तिने या खोलीतली प्रत्येक वस्तू मोजून तिची लांबी भिंतीवर खडूने लिहून ठेवली होती. पुढे नोकरीही तिला तशीच मिळाली. इतरांची मोजायची उपकरणं बरोबर मोजतात की नाही, ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करायची. कामात चूक झाली तर तिला ताप यायचा, असं तिची आई म्हणे, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

खोली घराच्या मागच्या अंगाला होती. एका भिंतीशी मावशीचा सिंथेसायझर उभा होता. त्याला पेटीसारख्या वाजवायच्या पट्ट्या नव्हत्याच. कपाटाएवढी लाकडी पेटी, तिच्यावर नॉबच्या रांगा, आणि या भोकातून त्या भोकात गेलेल्या रंगीबेरंगी वायरींचं जंजाळ. कोणती वायर कुठे घालायची यावर आवाज ठरायचा. उजव्या हाताला टेबलावर काकांचं टेप मशीन, ताटाएवढ्या दोन रिळांचं. दोघं मिळून कार्यक्रम करायचे तेव्हा मावशी वायरी उपसून नवे आवाज काढायची आणि काका टेपवर आधी घेऊन ठेवलेले आवाज त्यात सोडायचे. रंगमंचावर दोघंही प्रेक्षकांकडे पाठ करून बसायचे. लोकांना वाटायचं, टेलिफोनची दुरुस्ती चालली आहे.

त्यांच्या सगळ्या रचनांत एक लोकांना फार आवडायची. टेपवर एक खर्जातला सूर लांबच लांब चालू असतो आणि मध्येच काकांचा आवाज येतो, "हं... थांब जरा. घाई नको. हं, ये आता." तालमीत ते मावशीला सांगत होते आणि रेकॉर्डिंग चालू राहून गेलं, इतकंच. पण ऐकल्यावर दोघांनाही ते ठेवावंसं वाटलं. "ये आता" म्हटलं की मावशी आपला सूर घेऊन शिरायची.

काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यानंतर मावशी रंगमंचावर गेली नव्हती. पण दुपारचं जेवण झालं की ती या खोलीत यायची, ती टेप लावायची आणि काकांनी बोलावलं की शिरायची. उद्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच लोकांसमोर हे करणार होती. त्यासाठीच तिने भाचीला बोलावलं होतं. "सगळं एकदा बघून घे गं. मध्येच दगा दिला तर मी पुन्हा काही तिथे चढायची नाही."

मोजपट्टीने सकाळपासून सगळं बघून घेतलं होतं. सिंथेसायझर जवळजवळ अर्धा सूर चढा बोलत होता, तो तिने खाली आणला. टेप मशीन वेगात धावत होतं. टेपला पुढे ओढणाऱ्या बारक्या लोखंडी दांडीवर कसला तरी पिवळा चिकट थर बसला होता. तो तिने स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, नखाने खरवडून काढला. मशीनचा वेग बरोबर आला. टेपवरचा सूर आणि सिंथेसायझरचा सूर एकमेकांवर इतके चपखल बसले की दोन आहेत हेच कळू नये.

आणि मावशी म्हणत होती, हे ते नव्हेत.

"मावशी, मी सगळं तपासलंय. प्रत्येक गोष्ट बरोबर आहे."

"असेल. पण सगळं मिळून चूक आहे. आणि ती धडधड कुठे गेली?"

"कसली धडधड?"

"आता कसली म्हणून काय सांगू! सुराच्या खाली एक धडधड असते. छातीवर कान ठेवल्यासारखी. तिच्यावर तर मी मोजते. आता नुसतं सपाट झालंय. कुठे शिरायचं तेच कळत नाही."

मोजपट्टीने टेप पुन्हा लावली. धडधड नव्हती. सुराखाली जुन्या यंत्रांना असते तशी विजेची बारीक घरघर होती, बाकी काही नाही. मावशीच्या कानाला भास होत असेल का? पण मावशीचे कान म्हणजे तिच्या प्रयोगशाळेतल्या निम्म्या उपकरणांपेक्षा बरे. डोकं चालेना. तिने सकाळपासून केलेलं काम उलटीकडून आठवायला सुरुवात केली आणि त्या पिवळ्या थरापाशी अडखळली.

मळ असा सलग निघत नाही. तो तर फितीसारखा उलगडत आला होता.

तिने कचऱ्याच्या डब्यातून बोळा काढला. बोळ्याला चिकटलेली ती टेप जोडायची चिकटपट्टी होती, जुनी होऊन पिवळी पडलेली. कोणीतरी ती मुद्दाम दांडीवर गुंडाळली होती. दांडी जाड झाली की एका फेऱ्यात टेप जास्त ओढली जाते, म्हणजे सगळं वेगात जातं.

"मावशी, ही चिकटपट्टी तू लावलीस?"

"मी? ते असताना मी त्या मशीनला बोटसुद्धा लावत नव्हते. ते त्यांचं राज्य."

मोजपट्टीने नवी चिकटपट्टी कापली. एक वेढा दिला, टेप लावली. मावशीने मान हलवली. दुसरा वेढा. "जवळ आलं." तिसऱ्या वेढ्याला मावशीचा चेहराच बदलला.

"आले," ती म्हणाली.

काकांचा आवाज हलका, चटपटीत झाला होता. आणि सुराखाली खरंच धडधड चालू झाली होती. मोजपट्टीच्या जिवात जीव आला. तो क्षणभरच टिकला, कारण धडधड कुठून येते आहे हे तिच्या लक्षात आलं.

घरघर एक नव्हती, दोन होत्या. एक मशीनची स्वतःची, आत्ता या खोलीत होणारी, भिंतीतल्या विजेच्या ठेक्यावर. दुसरी टेपवर उतरलेली, रेकॉर्डिंगच्या दिवशीची, तीही त्याच विजेची. टेप ज्या वेगाने भरली त्याच वेगाने वाजवली तर दोन्ही एकसारख्या लागतात आणि सपाट राहतात. वेग बदलला की त्या एकमेकींवर आपटू लागतात, आणि धडधड ऐकू येते.

म्हणजे धडधड असेल तेव्हा वेग खोटा. म्हणजे मघाचा तो झोपाळू माणूस...

तिने वेगाचा मीटर लावून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मीटर तिच्या बाजूने बोलायला तयार नव्हता.

"काय गं, तोंड का उतरलं?"

"काही नाही."

"मोजपट्टी, तुला खोटं बोलता येत नाही. भुवई वर जाते तुझी."

मग तिने सांगितलं. शक्य तितकं सोपं करून, मध्ये दोनदा चुकत. मावशी वायर बोटाभोवती गुंडाळत ऐकत राहिली.

"म्हणजे मघाशी ज्यांना मी हाकलून दिलं..."

"तेच काका."

"आणि हे?"

"हेही काकाच. पण घाईत."

मावशी हसली, पण ते हसू मध्येच कुठेतरी अडकलं. "रेडा," ती म्हणाली. "ते म्हणायचे, टेपवर माझा आवाज रेड्यासारखा येतो, लोकांसमोर लाज वाटते. मी म्हणायचे, काही नाही हो, छान आहे. मला न सांगता पट्टी लावून मोकळे झाले बघ. आणि मी वेडी, सूर चढा झाला म्हणून सिंथेसायझर चढवत बसले."

"तेव्हा कळलं नाही तुला?"

"तेव्हा ते शेजारी बसलेले असायचे ना गं. टेपवरचा माणूस कोण नीट ऐकतंय?" तिने वायरीला आणखी एक वेढा दिला. "मग रोज दुपारी मी कुणाशी वाजवत होते? आणि तुला आठवतो का त्यांचा आवाज? खरा?"

मोजपट्टीने आठवून पाहिलं. काकांचे हात आठवले, स्पिरिटचा वास आठवला, पाठीत थोपटणं आठवलं. आवाज आठवायला गेली की टेपवरचाच यायचा, आणि कोणत्या वेगातला ते सांगता येत नव्हतं.

"मला दोन्ही ओळखीचे वाटतात," ती म्हणाली. "म्हणजे एकही आठवत नसणार. उद्या कोणता ठेवू?"

"मला विचारतेस? मोजमाप तुझं खातं."

"मोजून हे कळत नाही, मावशी."

मावशीने बोटाभोवतीची वायर सोडवली. "पट्टी राहू दे," ती म्हणाली. "धडधडीशिवाय मला शिरता यायचं नाही. आणि उद्या शिरता आलं नाही तर संपलंच."

दुसऱ्या दिवशी सभागृहात यंत्रं मांडून झाल्यावर तिथला साउंडवाला धावत आला. "बाई, तुमच्या मशीनमधून हम येतोय हो, घरघर. काढून टाकू का? दोन मिनिटांचं काम आहे."

"नको!" दोघी एकदम म्हणाल्या. तो बिचारा दोन पावलं मागे सरला.

सभागृह लहानच होतं, पण भरलं होतं. मावशी पेटीसमोर प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिली. मोजपट्टी टेप मशीनपाशी काकांच्या खुर्चीवर बसली. तिचं काम एवढंच, की मावशीने मान हलवली की सुरू करायचं आणि शेवटी बंद करायचं.

मावशीने मान हलवली. रिळं फिरू लागली. खर्जातला सूर, खाली धडधड. मावशीचं डोकं त्या ठेक्यावर किंचित हलत होतं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

मग मावशीने पेटी सोडली.

ती चालत टेबलापाशी आली. मोजपट्टीला वाटलं, काहीतरी बिघडलं. कुजबुजत तिने विचारलं, "बंद करू?" मावशीने अंगठा डाव्या रिळाच्या कडेवर ठेवला, आधी अलगद, मग थोडा जोर देऊन. टेप जड झाली. सूर खाली उतरू लागला. धडधडीतलं अंतर वाढलं, आणखी वाढलं, आणि मग ती नाहीशीच झाली.

वेग बरोबर आला होता. मीटर नव्हता, तरी मोजपट्टीला ते कळलं. सपाट, स्वच्छ शांतता पसरली.

"हं... थांब जरा," झोपाळू, जाड आवाजात कोणीतरी म्हणालं. "घाई नको."

मावशीचा अंगठा रिळावर घट्ट होता, नखाखाली पांढरा पडलेला. शिरायचं तर तिला पेटीपाशी जायला हवं होतं. जायचं तर अंगठा उचलायला हवा होता. ती आवाजाकडे बघत होती, जणू दारात कोणी उभं आहे आणि ओळखीचं आहे की नाही ते ठरत नाहीये.

"हं," तो आवाज म्हणाला. "ये आता."

मावशी जागची हलली नाही. मग मावशीने तिच्याकडे न बघताच तिचा हात धरला आणि आपल्या अंगठ्याच्या जागी तिचा अंगठा टेकवला.

"एवढाच जोर," ती पुटपुटली. "सोडू नकोस त्यांना."

मोजपट्टीने श्वास रोखून रीळ धरून ठेवलं. कडा अंगठ्याखालून सरकत होती, गरम आणि खरखरीत. पाठीमागे मावशीची पावलं पेटीपर्यंत गेली. एक वायर निघाल्याचा, दुसरी बसल्याचा आवाज आला. सिंथेसायझर पट्टीच्या वेगाला जुळवून पुन्हा चढा लावलेला होता. मावशीने नॉब हळूहळू फिरवत सूर खाली आणला, शोधत, चुकत, थोडा खाली घसरून पुन्हा वर येत, आणि टेपच्या सुराशेजारी आणून ठेवला.

बोलावल्यावर तिने शिरायला किती उशीर केला, ते मोजपट्टीला सांगता आलं नसतं. तिने मोजलंच नव्हतं.