अठरा पीळ

मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू शांत असतात, समाधानी असतात, सगळ्यांचं भलं चिंततात, असं तुम्ही वाचलं असेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी जळका आहे. एका मोबाईलशी माझं वैर आहे आणि ही कहाणी मी बरीचशी त्याची उणीदुणी काढायलाच सांगतोय. तरी शेवटपर्यंत ऐका, कारण तिच्यात माझीही एक चूक आहे आणि ती मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, पाठीवर पोलादी झाकण लावलं आणि मला सात दिवस एका मोठ्या घड्याळासमोर टांगून ठेवलं. सात दिवसांनी त्या म्हणाल्या, हा गडी विश्वासाचा आहे. एवढं कौतुक मला त्यानंतर फार कमी वेळा मिळालं, म्हणून ते मी जपून ठेवलंय.

पुढे मी एका म्हाताऱ्या प्रशिक्षकांकडे आलो आणि त्यांच्याकडून आत्याकडे. आत्या त्यांची शिष्या, आठशे मीटर पळणारी. गुडघा कामातून गेला तेव्हा तिने पळणं सोडलं आणि एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, जिथे दोनशे मीटरची आणि दुसऱ्या फेरीत सहाशेची खूण होती, तिथे ती मला मुठीत धरून उभी राही. पळणारी मुलगी पुढून गेली की आत्या माझ्याकडे बघून मोठ्याने आकडा सांगे. मग तो आकडा खडूने तिथल्या पडक्या भिंतीवर लिही. ती भिंत म्हणजे आमची वही होती.

आत्या म्हणायची, "पहिले दोनशे पाय पळवतात, दुसरे दोनशे सवय पळवते, शेवटचे दोनशे लोकांच्या आरोळ्या पळवतात. तिसरे दोनशे मात्र तुझे तुलाच पळावे लागतात." असल्या शहाणपणाला मुली हसायच्या. मी हसत नव्हतो, कारण तिसऱ्या दोनशेत किती जणींच्या तोंडचं पाणी पळतं ते माझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही.

आत्याच्या भावाची मुलगी नऊ वर्षांची असताना मैदानावर आली. बारीक, चपळ, एका जागी न ठरणारी. आत्या तिला खारू म्हणू लागली आणि मग सगळेच म्हणू लागले. पहिल्याच दिवशी आत्याने मला तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, आपली वेळ मोजणाऱ्याला आपणच चावी द्यायची. अठरा पीळ. कमी दिले तर हा मध्येच दम टाकेल आणि जास्त दिले तर स्प्रिंग तुटेल. त्या दिवसापासून आठ वर्षं खारू रोज सकाळी मला चावी देत आली. ती पीळ मोठ्याने मोजायची आणि सतराला थांबून मला विचारायची, अजून एक हवा का रे? मित्रांनो, मला हवा असायचा.

तिच्या ओढणीच्या टोकाने माझी काच पुसली जायची. सामन्याला जाताना मी तिच्या पिशवीत, तिच्या बुटांच्या वर. सतराव्या वर्षी ती आठशे मीटर दोन मिनिटं अकरा सेकंदांत पळू लागली. मोठ्या प्रशिक्षण शिबिरात जागा मिळायला दोन मिनिटं दहाच्या आत यावं लागे. त्याच्या चाचण्या वर्षातून दोनच, तीन आठवड्यांच्या अंतराने. आणि पुढच्या वर्षी तिचं वय उलटणार होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षी.

आणि नेमका त्याच वर्षी तो माझा वैरी आला. आयत्या बिळावर नागोबा!

खारूचा मोठा भाऊ, दादा, जाहिरातीच्या कचेरीत कामाला होता. मुलगा वाईट नव्हता, बहिणीवर त्याचा जीव होता. त्याचं म्हणणं एवढंच की नुसतं पळून भागत नाही, पळताना दिसावंही लागतं. खेळाडूने स्वतःचा ब्रँड करायला हवा. लोकांना नाव कळलं की बूटवाले येतात, कपडेवाले येतात, शिबिरवालेही मान देतात. त्याने तिला नवाकोरा मोबाईल आणून दिला आणि तिचं एक पान उघडलं. नाव ठेवलं 'वाऱ्याची लेक'. खारूचे बाबा बसच्या गॅरेजात मेकॅनिक. ग्रीसचे हात पुसत त्यांनी ते नाव वाचलं आणि म्हणाले, "मग मी कोण?"

त्या मोबाईलचे लाड काय सांगू! त्याला मऊ कव्हर, त्याला तीन पायांचा स्टँड, त्याचा चेहरा पुसायला वेगळं फडकं. झोपताना तो तिच्या उशाशी. मी आपला खिळ्याला लटकलेला. आठ वर्षं एका सेकंदाने फसवलं नाही तिला, पण नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ते खोटं नाही. तो तिच्या चेहऱ्यावरचे मुरूम लपवायचा, तिच्या पावलांना गाणं लावायचा. मी तिला फक्त खरं सांगायचो आणि खरं कुणाला पाहिजे असतं? माझ्या पोटात रोज दुखायचं.

खोटं कशाला बोलू, त्याचा उपयोग झाला. अकरा हजार लोक तिला बघू लागले. एका दुकानाने बूट दिले. आसपासच्या लहान मुली तिला बघायला मैदानावर येऊ लागल्या आणि त्यांतल्या चार-पाच पळायलाही लागल्या. आत्याला त्याचा आनंद झाला. मला झाला नाही.

पण एक गोष्ट त्या नागोबाला दिसत नव्हती. व्हिडिओ पंधरा सेकंदांचा. त्यात सुरुवातीची झेप असायची आणि शेवटची धाव असायची. पलीकडच्या बाजूला पडकी भिंत आणि कचऱ्याचे डबे. तिथलं चित्र चांगलं येत नाही, म्हणून तिथे मोबाईल कधी गेलाच नाही. दादा म्हणे, झेप पुन्हा घे, ऊन बरोबर पडलं नाही. खारू पुन्हा घेई. शेवटची धाव पाच-पाच वेळा होई. पूर्ण दोन फेऱ्या आठवड्यातून एकदा, त्याही कंटाळत. झेप आणि शेवटची धाव सुधारली, पण तिसरे दोनशे चौतीस सेकंदांवरून सदतिसावर गेले. आत्याने आकडा सांगितला तेव्हा खारू म्हणाली, व्हिडिओत तर मी उडतेय. वेळ मोबाईलमध्येही दिसते म्हणून हळूहळू मी लागेनासा झालो आणि एक दिवस कपाटाच्या खणात जाऊन पडलो, सेफ्टी पिना आणि छातीवर लावायच्या जुन्या क्रमांकांच्या सोबतीला.

आता माझी चूक सांगतो. त्या खणात पडल्या पडल्या मी मनात म्हटलं, हरू दे. एकदा चांगली हरू दे, म्हणजे कळेल कोण आपलं ते. मी असं म्हटलं, मित्रांनो. आठ वर्षं जिच्या हातात वाढलो तिच्याबद्दल म्हटलं.

पहिल्या चाचणीच्या दिवशी आत्याने मला खणातून काढलं. ती नेहमीसारखी दोनशेच्या खुणेवर उभी राहिली. अलीकडच्या बाजूला दादा मोबाईल लावून बसला, अकरा हजार लोक तिकडून थेट बघत होते. शर्यत सुटली, आत्याने माझं बटण दाबलं. पण मला चावी कुणी दिली होती? आत्याने आठ वर्षांत कधी दिली नव्हती, ते खारूचं काम. आणि खारू सकाळपासून मोबाईलशी बोलत होती. माझ्या पोटात काही महिन्यांपूर्वीचा उरलासुरला पीळ होता. त्यावर मी पहिली फेरी काढली. मग तिसऱ्या दोनशेत, एक मिनिट एकोणीस सेकंदांवर, मी थांबलो.

खारू खुणेपाशी आली. दमलेली, आकड्यासाठी कान टवकारलेली. इथे आत्या आकडा सांगते आणि त्यावर ती ठरवते, किती लावायचं. आत्याने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. खारूने एकदा मान वळवली. तेवढ्यात दोघी तिच्या पुढे गेल्या. ती दोन मिनिटं साडेदहा सेकंदांत आली. अर्धा सेकंद!

माझ्यात खरंच काही उरलं नव्हतं, की थोडं होतं आणि मी रुसून बसलो? मला आजही सांगता येत नाही. थांबलो त्या क्षणी मला बरं वाटलं होतं, एवढं मात्र पक्कं आठवतं. तिचा चेहरा दिसला आणि ते बरं वाटणं विरून गेलं.

खारू भिंतीपाशी येऊन बसली. आत्याच्या हातातून मला घेतलं, माझा अडलेला काटा बघितला.

"याला चावी दिली नव्हती?"

"ते तुझं काम होतं," आत्या म्हणाली. त्यात राग नव्हता.

खारूने माझी चावी फिरवायला घेतली. एक, दोन, तीन. बाराव्या पिळाला ती अडखळली, पण तिने मोजणं सोडलं नाही. तिला वाटलं चूक तिची एकटीची. मला तोंड असतं तर तिथल्या तिथे कबुली दिली असती.

दादा तो व्हिडिओ पुसायला निघाला होता. खारूने पुसू दिला नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः मोबाईल उचलला आणि पलीकडच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांजवळ नेऊन लावला. तीन आठवडे 'वाऱ्याची लेक' या पानावर फक्त तिसरे दोनशे दिसले. गाणं नाही, ऊन बरोबर नाही. आत्याच्या मुठीत मी, तिची हाक आणि भिंतीवरचा खडू. सदतीस. छत्तीस. पस्तीस. अर्धे लोक निघून गेले. उरलेले रोज सकाळी विचारू लागले, आज किती?

दुसऱ्या चाचणीला तिने मला अठरा पीळ दिले आणि सतराला थांबून विचारलंही. सहाशेच्या खुणेवर आत्या ओरडली, "चौतीस!" खारू दोन मिनिटं नऊ सेकंद आणि चार दशांशांत आली.

तुम्हाला वाटेल, आता माझे दिवस आले. कुठले हो! खारू शिबिराला गेली आणि मोबाईलला घेऊन गेली. तिथे सेकंदाचे हजार तुकडे करणारी यंत्रं आहेत, माझं काय काम? मी इथे आत्याजवळ राहिलो. त्या दिवशी माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो विचारू नका.

पण रोज सकाळी आत्याच्या फोनवर खारूचा चेहरा येतो. तिकडे कुणीतरी मोबाईल पलीकडच्या बाजूला धरून उभं राहतं आणि इकडे आत्या मला मुठीत धरते. पळण्याआधी खारू विचारते, "चावी दिलीस?" आत्या म्हणते, तू मोज. मग आत्या पिळते आणि खारू तिकडून मोजते. सतराला ती थांबते, अजूनही. आणि मित्रांनो, माझी गोची बघा. तिचा तो आवाज माझ्यापर्यंत पोचवतो कोण? तोच मेला मोबाईल.

तो चित्र अर्धा सेकंद उशिरा दाखवतो. आत्याच्या ते लक्षात आलेलं नाही, माझ्या आलंय. पण मी काही बोलत नाही.

तुमच्या घरातही खणात असं एखादं जुनं काही पडलेलं असेल. त्याला काचेच्या कपाटात मांडू नका, त्याचं कौतुकही करू नका. फक्त काढा, पुसा, आणि त्याच्या हक्काचे पीळ त्याला द्या. ते रुसलेलं असेल तर सतराला थांबून विचारा.