ज्याचं त्याला विचारून

मी सोनमचा ब्लॉग बोलतोय. मला हातात धरता येत नाही, कपाटात ठेवता येत नाही. पण फोनवर माझं नाव टाकलंत की मी लगेच उघडतो.

माझा जन्म सांगलीतल्या एका भाड्याच्या खोलीतला. सोनम मूळची माण तालुक्यातली, मेंढपाळांच्या घरातली. शिकून सांगलीत एका कंपनीच्या ऑफिसात लागली, पण संध्याकाळी खोलीवर आली की तिला करमायचं नाही. मग तिने मला सुरू केलं. नाव ठेवलं 'माळावरून'. लिहायची ते सगळं गावाकडचंच. आईविना राहिलेल्या कोकराला बाटलीनं दूध कसं पाजतात, तिची आई रंगुबाई हुलग्याचं माडगं कसं करते, असलं. वाचणारे मोजकेच. कुणी 'छान' एवढंच लिहिलं तरी सोनम ते पुन्हा पुन्हा वाचायची, आणि मलाही अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटायचं.

एकदा तिने आबांवर लिहिलं. आबा म्हणजे तिचे वडील, अर्जुना. फोनवर बोलताना ते भलतंच ऐकायचे. "आज मॅनेजर रागावले," असं सोनम म्हणाली, तर आबा म्हणाले, "मांजार रागावलंय? मग दूध घाल की त्याला!" भात केलाय म्हटलं, तर म्हणाले, "वात आलाय? तेल लावून शेक." असे किस्से तिने मोठ्या लाडानं लिहिले आणि माझ्यावर टाकले.

लोक पोट धरून हसले. एवढी वर्दळ मी कधी पाहिली नव्हती. मी तर फुशारून गेलो.

पुढचं मला सोनमच्याच लिहिण्यातून कळलं. तो लेख मुंबईत कामाला असलेल्या गाववाल्यांच्या ग्रुपवर फिरला आणि तिथून गावात आला. गावातल्या हंबीररावांनी चहाच्या टपरीवर तो मोठ्यानं वाचून दाखवला. मग आबा दिसले की कुणीतरी विचारायचं, "काय आबा, मांजराला दूध घातलं का?" आबांना तेही नीट ऐकू यायचं नाही. सगळे आपल्याकडं बघून हसतायत, एवढंच दिसायचं. एके दिवशी एकानं कानाशी वाकून त्यांना कारण सांगितलं.

आबांनी टपरीवर जाणं सोडलं. सोनमचा फोनही घेईनात. "मेंढराकडं गेल्यात," एवढंच रंगुबाई सांगायची. शेवटी तिलाही राहवेना. "बाई, लय लागलंय त्येंच्या मनाला. असं का गं केलंस?"

सोनमने त्याच दिवशी लेख काढून टाकला. पण माझ्यावरचं पान पुसता येतं. लोकांच्या तोंडी बसलेलं मी कसं पुसणार?

ती रजा टाकून गावी गेली. आबा मेंढरांच्या वाड्यापाशी बसले होते.

"आबा, चुकलं माझं!" ती मोठ्यानं म्हणाली.

"वरडू नगं, मेंढरं बुजत्यात." मग त्यांनी शेजारची जागा हातानं झाडली. "हितं बस. जवळनं बोललं की कळतं मला."

"ऐकू कमी येतंय हे सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? बहिरा म्हंत्यात लोक." आबा जरा घुटमळले. "फोनवर तुझं निम्मं बी कळत न्हाई बग. पर मी गप बसलो तर तू फोन ठिवशील. म्हणून आपलं कायबी बोलायचं."

दुसऱ्या दिवशी सोनम त्यांना साताऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. पुढं कानाला मशीन बसलं. घरी आल्यावर आबा बायकोला म्हणाले, "एवढी बोलतीस व्हय गं दिवसभर?" रंगुबाई हसता हसता रडली.

सोनमने हे सगळं लिहून काढलं. पण लगेच टाकलं नाही. आधी आबांसमोर बसून वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकलं.

"असू दे, टाक. फोनवर मी कायबी बोलायचो, त्ये बी असू दे. आपल्या गावातल्या ज्ञानूला बी ऐकू येत न्हाई, त्याच्या पोरांनी वाचलं तर नेतील त्याला डॉक्टरकडं. पर दवाखान्यात मी तुला एक बोललो, तेवढं काढ. त्ये आपल्या दोघांचं."

सोनमचं बोट अडखळलं. सगळ्या लेखात तेच वाक्य सुंदर होतं. तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तिने ते काढलं, वेगळं करून मसुद्यांत ठेवलं आणि बाकीचा लेख टाकला.

हसवणाऱ्या लेखाइतकी गर्दी या लेखाला झाली नाही. पण ज्ञानूला त्याच्या पोरांनी साताऱ्याला नेलं. हंबीरराव घरी येऊन आबांच्या शेजारी चहा पिऊन गेले.

आता सोनम ज्याच्याविषयी लिहिते त्याला आधी वाचून दाखवते. त्यामुळं मी थोडा सावकाश भरतो. माझी तक्रार नाही. तुमचाही माझ्यासारखा एखादा ब्लॉग असेल, तर त्यालाही अशीच थोडी वाट पाहायला लावा.

आणि आबा दवाखान्यात काय म्हणाले, ते मला विचारू नका. मला ते अक्षरन् अक्षर पाठ आहे. पण ते तुमच्यासाठी नाही.