अर्गिरिसच्या अंगठ्यावरचा फोड

मी एक फोड बोलतोय. नाक मुरडू नका, वाटाण्याएवढाच तर आहे मी! ईस्टरच्या आधीच्या उपासांत म्हाताऱ्या अर्गिरिस मेंढपाळाच्या उजव्या अंगठ्यावर उगवलो. कशामुळे, ते मलाच ठाऊक नव्हतं. आपलं कूळ कोणतं हे जाणून घ्यायची मात्र भारी हौस.

अर्गिरिसची बायको पोलिक्सेनी चष्मा चढवून म्हणाली, "कोळी चावलाय."

"छे गं, केस आत वळला असेल," शेजारीण ख्रिसांथी म्हणाली. "नाहीतर नजर लागली."

मी कान टवकारून ऐकायचो. दर वेळी वाटायचं, हेच खरं.

दुपारी गाव झोपलं की अर्गिरिस पडक्या गोठ्यात जाई. सणाला सळईवर भाजायचं पोरकं कोकरू तिथं लपवलेलं होतं. बाटलीनं दूध पाजून त्यानंच ते जगवलं, आणि यंदा त्याचा हात धजेना. घरी त्यानं सांगून टाकलं होतं, लांडग्यानं नेलं. त्या कोकराच्या ओठांवर खपल्या होत्या आणि दूध संपलं की ते अंगठा चोखत बसायचं.

"उपासात घरात कुणी दुधाला शिवत नाही, तरी भांडं रिकामं," पोलिक्सेनी टोमणा मारायची. "चोरून पिता ना? या वयात?" तो बिचारा तेही ऐकून घ्यायचा.

ठणका कोपरापर्यंत गेला तेव्हा तिनं त्याला दवाखान्यात नेलं.

"आजोबा, पू असेल तर चिरावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मेंढरांच्या तोंडाला फोड येतात, त्याची लागण असेल तर चिरायचं नाही. आपोआप जातो. कोकराला हातानं पाजता का?"

हो म्हणावं तर कोकरू सळईवर जाणार. अर्गिरिसनं बायकोकडे पाहिलं आणि अंगठा पुढे केला. "चिरा."

मी अंग चोरून घेतलं.

"थांबा हो," पोलिक्सेनी म्हणाली. "पाजतात हे. दूध कुठं जातं ते आत्ता कळलं मला."

वाटेत तिनं कोकराचा ठावठिकाणा वदवून घेतला आणि एवढंच बोलली, "चाळीस वर्षांच्या संसारात लांडग्याची थाप मारलीत. आता त्या गोठ्यात पाऊल टाकून तर बघा." त्याची झोपच उडाली. मला मात्र माझं कूळ मिळालं होतं.

आता मी सुकत चाललोय. माझ्यासारख्याला टोचण्याआधी तो हात कुठं कुठं जातो ते विचारा, एवढंच मागणं आहे.

दवाखान्याच्या फेरीनंतर दहा दिवसांनी सण आला. पोलिक्सेनीनं ईस्टरची लाल रंगवलेली अंडी मांडली, भाजलेले बटाटे वाढले. मांस नव्हतंच. ताट सरकवताना अर्गिरिसला तिचा अंगठा दिसला. त्यावर एक लाल, टपोरा फोड होता.

"भांडी घासताना लागलं," ती दुसरीकडे बघत म्हणाली.