दोन खाचा

वाद्यवृंदात तो रुजू झाला त्याच आठवड्यात त्याचं नाव दात्या पडलं. वरच्या पुढच्या दोन दातांपैकी डावा तिरका होऊन पुढे आलेला; हसला की आधी तो दिसायचा, मग दात्या. अठरा वर्षं क्लॅरिनेटच्या माउथपीसवर तेच दोन दात टेकवून त्याने त्या काळ्या रबरात दोन खाचा पाडल्या होत्या. उजवी उथळ, डावी खोल आणि तिरकी. वाद्य तोंडाला लागलं की दात आपोआप तिथे जाऊन बसायचे, जुन्या चपलेत पाय बसावा तसे.

मग त्या दातांच्या मुळांशी पू झाला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही दात काढले, हाडात स्क्रू बसवले आणि काही महिन्यांनी नवे दात करायच्या वेळी विचारलं, "पहिल्यासारखे करू, की सरळ?"

बायको शेजारीच उभी होती. "विचारताय काय? सरळ! जन्मभर चिडवून घेतलंय यांनी."

दात्यानेही मान हलवली होती.

आता रजा संपायला महिना उरला होता. संपली की संचालकांसमोर वाजवून दाखवायचं. जमलं तर खुर्ची त्याची, नाहीतर त्याच्या जागी बदलीवर बसणाऱ्या बाईंची.

घरी पहिल्यांदा फुंकर मारली तेव्हा आतून बायको ओरडली, "अहो, शेजाऱ्यांचं मांजर शिरलंय का बघा!" सरळ दात नेमके दोन खाचांमधल्या उंचवट्यावर टेकत होते आणि घसरत होते. त्याने नवा माउथपीस आणून पाहिला, रीड म्हणजे माउथपीसवरची वेताची पट्टी मऊ लावून पाहिली, तरी सूर धरेना. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी खाचांवरून अंगठा फिरवताना त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"माझ्या जुन्या दातांचा साचा असेल ना तुमच्याकडे?" त्याने दवाखान्यात विचारलं.

"टाकून देतो हो आम्ही. सगळ्यांचे साचे ठेवले तर मी कुठे बसू?"

दात्याने माउथपीस ट्रेमध्ये ठेवला. डॉक्टरीणबाईंनी तो दिव्याखाली धरला. "अरेच्चा," त्या म्हणाल्या, "साचा तुम्हीच करून ठेवलाय की!"

आठवड्याभरात वाकडे दात तयार झाले. "लोक वाकडे सरळ करून घेतात," बायको म्हणाली, "आमच्याकडे सगळं उलटं." पण घरी आल्यावर तीच त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

दात खाचांत बसले. टक्. दात्याच्या जिवात जीव आला. त्याने फुंकर मारली. आवाज आला, भरीवसुद्धा होता.

"जमलं की हो!" बायको म्हणाली.

दात्याने सूर मोजणारा ट्यूनर लावला. काटा उजवीकडे झुकलेला, सूर चढा. त्याला पत्ताच नव्हता. पूर्वी रीडची थरथर दातांतून थेट कवटीत जायची, आणि सूर चढायच्या आत जबडा आपला आपण सैल व्हायचा. आता वरच्या बाजूला नुसती भिंत होती. दात किती जोरात चावतायत तेही कळत नव्हतं.

त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"खऱ्या दाताभोवती एक पातळ पडदा असतो," त्या म्हणाल्या. "पाव मिलिमीटरचा. दात त्यात किंचित हलतो आणि ते हलणं मेंदूला कळतं. स्क्रूला तो पडदा नाही. तो थेट हाडाला धरतो."

"पडदा परत येतो?"

"नाही."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही वाजवता हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. फॉर्मवर तुम्ही 'नोकरी' एवढंच लिहिलं होतंत."

"माहीत असतं तर?"

"दात काढावेच लागले असते."

उरलेले दिवस दात्या ट्यूनरसमोर बसून राहिला. काटा मध्ये आणायला तो शिकला. डोळे मिटले की काटा उजवीकडे जायचा.

ठरलेल्या सकाळी संचालक तालमीच्या खोलीत मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. दुसऱ्या क्लॅरिनेटवर साथ करायला बदलीच्या बाई होत्या.

"दादा, सावकाश घ्या हं," त्या हळूच म्हणाल्या.

"तो ट्यूनर काढ बघू," संचालक म्हणाले. "मला बघून वाजवलेलं नको, ऐकून वाजवलेलं हवंय."

दात्याने ट्यूनर काढून खिशात ठेवला. संथ तुकडा सुरू झाला. पहिली ओळ पार पडली. दुसऱ्या ओळीत दोघांचे सूर इतके एकजीव लागले की त्याला वाटलं, जमतंय. आनंदाने त्याने बाईंकडे पाहिलं.

बाईंची हनुवटी ताणलेली होती. ओठ आवळलेले. त्या आपला सूर चढवत होत्या, त्याच्या चुकीला गाठायला.

दात्याने स्वतः कितीतरी जणांना असं सांभाळून घेतलं होतं. सांभाळणाऱ्याने ते समोरच्याला कळू द्यायचं नसतं. बाईंना अजून ती सफाई आली नव्हती, एवढंच.

त्याने वाद्य खाली घेतलं.

"का थांबलास?" संचालकांनी विचारलं. आवाजावरून त्यांनाही समजलं होतं.

"बाई, तुमचा सूर बरोबर होता," दात्या म्हणाला. "तो सोडू नका."

त्याने क्लॅरिनेट सुटं करून, पुसून पेटीत ठेवलं. दारात व्हायोलिनवाला भेटला. "अरे दात्या! दात परत होते तसेच? आता कसा आमचा दात्या वाटतोस!"

दात्या हसला. आधी दात दिसला.

बाहेरच्या पॅसेजमधल्या बाकावर तो बसून राहिला. थोड्या वेळाने सगळे जमले, आत तालीम सुरू झाली. त्याने कान देऊन ऐकलं. क्लॅरिनेट नेमक्या सुरात होतं. कुठेही काही कमी नव्हतं.