हद्दीपलीकडे वाचायचं नाही

ताई अंधशाळेच्या तळघरात, पंखा बंद ठेवून, मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. अंधांसाठी अशी प्रत काढायला देशाच्या कायद्यात मुभा होती.

एकदा नदीपलीकडच्या देशातून एका अंध मुलीचा फोन आला. भाषा एकच, देश दोन. ती फिजिओथेरपी शिकत होती आणि शरीररचनेचं पुस्तक तिला वाचून दाखवणारं कुणी नव्हतं. ताई एकेक प्रकरण वाचून पाठवू लागली. मुलगी फोनवर शंका विचारायची, फिरकीही घ्यायची. "बाई, मणका आला की तुम्हाला खोकला येतो."

प्रकाशक तिसऱ्याच देशातला. परवानगीसाठी ताईने त्याला लिहिलं, तेव्हा त्याने दाद दिली नव्हती. आता मात्र त्याने तक्रार केली. ती पोचली कॉपीराइट कार्यालयात, ताईच्या धाकट्या भावाच्या टेबलावर.

तो घरी आला आणि चपला काढतानाच म्हणाला, "ताई, ते पाठवणं थांबव. तिला सगळं पुसायला सांग."

"अरे, छापील पुस्तक विकत घेतलंय तिने. ते काय उशाला घ्यायचं?"

"सीमेपार प्रत पाठवायचा आंतरराष्ट्रीय करार आहे. आपण सही केलीय. तिच्या देशाने नाही केली; तिकडे पाठवणं बेकायदा."

"म्हणून भोगायचं तिने?"

"शाळेवर दावा झाला तर तुझी खोली बंद होईल. मग इथल्या मुलांना कोण वाचून दाखवणार?"

 ताईने मुलीला फोन लावला. सगळं ऐकून मुलगी म्हणाली, "पायांचा भाग राहिलाय, बाई." मग म्हणाली, "पुसते."

ती नापास झाली. पुन्हा परीक्षेला बसली नाही. एका हॉटेलात फोन घ्यायला लागली.

वर्षभराने भावाला परदेशी परिषदेचं निमंत्रण आलं. विषय होता, अंधांना ज्ञान कसं खुलं करावं. तो खुशीत होता. "ताई, त्या मुलीचं उदाहरण देऊ का? लोकांना भिडेल."

"तिला विचार. गोष्ट तिची आहे."

त्याने न विचारताच ते उदाहरण दिलं. भाषण फार रंगलं, लोकांचे डोळे पाणावले, असं त्याची बायको फोनवर कौतुकाने सांगत होती. ताईने ऐकून घेतलं. बरं म्हणाली, फोन ठेवला आणि तळघरात जाऊन इतिहासाचा धडा वाचायला घेतला. पहिल्याच ओळीला थांबून तिने रेकॉर्डिंगचं मशीन बंद केलं.