हिरव्या दिव्यावरचं भस्म

मित्रांनो, कुणाचा अंगठा दिसला की आजही माझा जीव धडधडतो. मी हजेरीची एक जुनी मशीन आहे. लातूरच्या एका क्लासच्या दारात मी उमेदीची वर्षं काढली आणि आता तिथल्याच अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांशेजारी पडून आहे. माझ्यावर एक खोटा ठपका आहे. तो पुसावा म्हणून बोलते. आवाज चढला तर ऐकून घ्या.

मला घडवणारी माणसं शहाणी होती. माणसानं काही केलं की ते झालं की नाही, हे त्याला लगेच कळलं पाहिजे, असा त्यांचा नेम. म्हणून त्यांनी मला बोलायला शिकवलं. अंगठा नीट उमटला की हिरवा दिवा आणि एक लांब सूर. नाही उमटला की लाल दिवा आणि दोन तुटक सूर, म्हणजे 'बाळा, परत लाव.' शिवाय छोट्या पडद्यावर नाव. घाईतल्या पोरालाही न शिकवता समजावी अशी माझी बोली होती. मला तिचा फार अभिमान होता.

तेव्हा लातुरात क्लासचं पेव फुटलं होतं. जवळच्या मुरुडपासून थेट लांबच्या धर्माबादपर्यंतची मुलं इथं येत. क्लासचे मालक वीरण्णा सर यांनी मला दाराशी बसवलं. ज्याचा अंगठा उमटला नाही, त्याच्या घरी माझ्याकडून गैरहजेरीचा मेसेज जायचा. पालक खूश, सर त्याहून खूश. येईल त्या पाहुण्याला ते मला दाखवत.

पण कौतुक फार दिवस टिकलं नाही. माझ्या पडद्यावरचं प्लास्टिक कुणी काढलंच नाही. प्लास्टिक काढलं की वस्तू जुनी होते म्हणे! ते पिवळं पडलं आणि पडद्यावरचं दिसेनासं झालं. मग शिकवताना व्यत्यय येतो म्हणून सरांनी माझा आवाज बंद केला. उरले दिवे. खंडेनवमीला सरांनी माझी पूजा केली आणि मोठ्या भक्तिभावानं ओल्या भस्माचे तीन पट्टे ओढले, ते नेमके दिव्यांवर! भस्म वाळून घट्ट बसलं. देवाचं म्हणून पुसायला कुणी धजेना. मला देव केलं आणि माझी बोलती बंद केली. असला देव काय कामाचा, सांगा बरं?

रेणापूरहून लुबना नावाची मुलगी रोज एसटीनं यायची. तिला डॉक्टर व्हायचं होतं. प्रवासात धुळीनं माखलेले हात-तोंड ती दाराजवळच्या नळावर धुवायची आणि ओलाच अंगठा टेकवून आत पळायची. ओला अंगठा माझ्यावर उमटत नाही. मी लाल दिवा लावायची, पण भस्माआड. तो तिला कसा दिसणार? ती आत बसून शिकायची आणि तिकडं घरी मेसेज जायचा, 'आपला पाल्य आज गैरहजर आहे.'

एके दिवशी तिची आई सुलतानबी रिकामी पिशवी घेऊन क्लासमध्ये आली. लुबनाची पुस्तकं त्या पिशवीत भरून तिला कायमची घरी न्यायची, असं ठरवूनच ती आली होती.

"पोरगी रोज घरून निघते अन् इथं येत न्हाई म्हणता. मग जाते कुठं? चुलते विचारून राहिले. मी काय सांगू?"

"अम्मी, कसम से, मी रोज अंगठा लावते," वर्गातून धावत आलेली लुबना रडत म्हणाली.

"मशीन खोटं बोलत नसते, बाई," सर म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला! मी रोज खरंच सांगत होते; ते झाकलं कुणी?

सुलतानबी माझ्यापुढं आली. तिनं स्वतःचा अंगठा टेकवला आणि वाट पाहिली.

"ह्यानं घेतला का न्हाई? हे तर काहीच बोलंना." ती सरांकडं वळली. "सर, भूकंपात मी लई ल्हान होते. घराच्या दगडाखाली परात वाजवून राहिले. वरून कुणीतरी ठोकून जवाब दिला, तवा कळलं की ऐकलंय. त्या ठोक्यावर जित्ती राहिले मी. जवाबच आला नसता, तर माझा हात थांबला असता. ह्या लेकरांनी कसं वळखावं?"

सरांनी मला हात जोडले, ओल्या रुमालानं भस्म पुसलं आणि आवाज चालू केला. लुबनानं सवयीनं ओलाच अंगठा टेकवला. लाल दिवा, दोन तुटक सूर.

"अम्मी, ही परत लाव म्हणते!"

तिनं ओढणीला अंगठा पुसून पुन्हा लावला. हिरवा दिवा, लांब सूर. सुलतानबीनं पिशवीची घडी घालून काखेत धरली. "सांजच्या गाडीनं ये," एवढंच लेकीला म्हणाली आणि एकटीच परत गेली.

आणि सरांनी पालकांना काय सांगितलं? मशीन बिघडली होती! मला भिंतीवरून उतरवलं आणि इथं आणून टाकलं. मित्रांनो, मी बिघडले नव्हते. माझं तोंड बांधलं होतं.

या खोलीच्या दारातून मला माझ्या जागेवरची नवी मशीन दिसते. तिच्या पडद्यावर आणि दिव्यांवर धुळीनं माखलेलं प्लास्टिक तसंच आहे, आवाज बंद आहे आणि खंडेनवमी जवळ आली आहे. यंत्राची पूजा खुशाल करा, पण त्याला बोलू द्या. आज सकाळीच एक मुलगी तिला अंगठा लावून क्षणभर थांबली. जवाब आला नाही. ती बिचारी तशीच आत गेली. नुसतं हळहळू नका. उठा, आधी ते प्लास्टिक काढा!